तळहातावरची पन्नी

नवऱ्याचं नाव बायकोने घेऊ नये, घेतलं तर त्याचं आयुष्य कमी होतं, असं आमच्याकडे म्हणतात. माझ्या नवऱ्याचं नाव बिसराम. घेतलं. आता बघू काय होतं ते.

मी पुष्पाबाई. नवेगाव बांधच्या अलीकडे आमचं गाव, दोन बांध्या म्हणजे खाचरं धानाची, एक मुलगी रेणू, ती अकरावीला. घर मातीचंच, पण पुढच्या पडवीला गेल्या वर्षी फरशी लावली. सांगण्यासारखं आमच्याकडे एवढंच होतं, आणि बिसरामचा हात.

हाताचं आधी सांगते. आमच्या भागात पाहुणा आला की त्याला आधी पाणी देतात की आधी खर्रा, हे नीट सांगता यायचं नाही. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घालून घोटला की खर्रा झाला. सोयरीक जमली की खर्रा, नांगर धरला की खर्रा, मेलेल्याला पोहोचवून आले की पुन्हा खर्रा. एकाच्या पन्नीतून चार जण चिमूट घेतात आणि जो घेत नाही तो शिष्ट ठरतो. बायकाही मागे नाहीत. बिसरामचा बाप याच खर्ऱ्याने गेला, गालाला भोक पडून. शेवटी शेवटी पाजलेलं पाणी गालातून बाहेर यायचं. ते पुसणारा बिसराम होता, आणि तेव्हापासून त्याने खर्ऱ्याशी उभा दावा मांडला.

पण भाषण कधी केलं नाही. त्याला बोलता येतच नाही चार लोकांत, घशात माती अडकल्यासारखा करतो. त्याची रीत वेगळी होती. कोणी पन्नी काढली की हा त्याच्यापुढे जाऊन उभा राहायचा आणि उजवा हात पसरायचा. बस. तोंडाने चकार शब्द नाही. समोरचा हसायचा, चिडायचा, शिव्या द्यायचा, पाठ फिरवायचा. हा पाठीमागून फिरून पुन्हा पुढे. हात पसरलेलाच. शेवटी माणूस कंटाळून पन्नी त्याच्या तळहातावर आपटायचा आणि हा ती घरी आणून माझ्या चुलीत टाकायचा. माझ्या भाजीला कित्येक वर्षं तंबाखूचा वास आला असेल. मी बोंबलायचे, की लोकांची घाण माझ्याच चुलीत कशाला. तो म्हणायचा, तुहीच चूल पक्की जळते.

लोक त्याला हसत, पण मानत. पाण्यात राहून माशाशी वैर म्हणतात तसलं काम, पण गावातल्या काही जणांनी खरंच सोडला. हिमांशू नावाचा पोरगा, आता चांगला बाप्या झाला आहे, ट्रॅक्टर चालवतो, त्याने सोडला. त्याच्या बायकोने त्या वर्षी भाऊबीजेला बिसरामला ओवाळलं. चौकात उदारामचा पानठेला आहे, तिथे बिसराम येताना दिसला की निम्मी माणसं पन्न्या खिशात दडवत. उदाराम स्वतः म्हणायचा, ह्या माणसापायी माहा धंदा बसून राहिला. पण म्हणताना हसायचा.

तर अशा माणसाच्या मानेला गाठ आली.

दुखत नव्हती म्हणून आम्हीही मनावर घेतलं नाही. रोवणा, म्हणजे धानाची लावणी, चालू होता. नवेगावच्या डॉक्टरने गोळ्या दिल्या, मग आणखी गोळ्या दिल्या, मग म्हणाला टीबीची असेल. गाठ काही ऐकेना. शेवटी नागपूरच्या दवाखान्यात गेलो. तिथे घशात नळी घालून पाहिलं, टॉन्सिलचा तुकडा काढला, आणि कॅन्सर निघाला.

तिथली डॉक्टरीण रुची म्हणून, पोरगेलीच, पण बोलताना समोरच्याच्या डोळ्यात बघणारी. तिने आधी विचारलं की खर्रा किती वर्षं खाता. बिसरामने नाही म्हणून मान हलवली. बिडी? नाही. दारू? नाही. तिला पटेना, असं मला वाटलं, आणि मी तिच्यावर खेकसणार होते. पण तिने फक्त कागदावर काही लिहिलं आणि त्या तुकड्याची अजून एक तपासणी सांगितली. आठवड्याने आम्हाला दोघांनाच आत बसवून दार लावून घेतलं.

हा कॅन्सर तंबाखूचा नाही, एका विषाणूचा आहे, असं तिने सांगितलं. स्त्री-पुरुषाच्या संबंधातून हा विषाणू येतो. जगात बहुतेकांना कधी ना कधी तो होऊन जातो आणि अंगातून आपोआप निघूनही जातो, कळतसुद्धा नाही. एखाद्याच्या घशात तो ठाण मांडून बसतो, वीस-पंचवीस वर्षं गप्प, आणि मग असा निघतो. एक गोष्ट तिने मुद्दाम पुन्हा सांगितली. तंबाखूच्या कॅन्सरपेक्षा हा उपचाराला लवकर दाद देतो. सात आठवडे शेक, म्हणजे किरणांचा उपचार, आठवड्याला एक सलाईन, मध्ये खंड नको. बरे व्हायची चांगली आशा आहे. एका ताटात जेवलो तरी मला काही होणार नाही, हेही तिने न विचारता सांगितलं. आणि घरात मुलगी आहे तर तिला या विषाणूची लस द्या म्हणाली, वेळ गेलेली नाही.

मी विचारलं, दोघांतून कोणाकडून आला. ती म्हणाली, ते कोणालाच सांगता यायचं नाही, आणि सांगून उपयोगही नाही.

बाहेर बाकावर आम्ही बसलो. बिसरामच्या मनात काय चाललं होतं मला माहीत नव्हतं. माझ्या मनात काय होतं ते मात्र लख्ख होतं. मी त्याची पाटाची बायको. पाट म्हणजे विधवेचं दुसरं लग्न. माझा पहिला नवरा दुधराम, कोहमाऱ्याहून ट्रक चालवायचा, रायपूर, कलकत्ता, कुठे कुठे. लग्नाला दोन वर्षं होत नाहीत तोच देवरीच्या घाटात गाडी उलटली आणि मी पांढऱ्या कपाळाने माहेरी आले. मग बिसरामने मागणी घातली. त्याचं पहिलंच लग्न, माझं दुसरं. पाटाच्या बाईला वाजंत्री नसते, वरात नसते. अंधार पडल्यावर मागच्या दाराने घरात घेतात आणि सकाळ होईपर्यंत सवाशिणींनी तिचं तोंड बघायचं नसतं. माझी जाऊ सुशिलाबाई, बिसरामच्या थोरल्या भावाची बायको, तिने तर दोन दिवस बघितलं नाही. ट्रकवाल्याची उष्टी, असं ती विहिरीवर बोलली होती. ते मी ऐकलं, आणि बिसरामनेही ऐकलं.

तर मी बाकावर बसून म्हटलं, की दुधराम ट्रकवर होता.

बिसराम म्हणाला, "चूप राह्य."

घरी आल्यावर भाऊ आणि सुशिलाबाई विचारपूस करायला आले, शेजारीपाजारी आले. मी आत पाणी घ्यायला गेले होते. पडवीतून बिसरामचा आवाज ऐकू आला. चार लोकांत ज्याच्या घशात माती अडकते तो माणूस स्पष्ट बोलत होता.

"मी खर्रा खात होतो. लपून. तेच भोवलं."

माझ्या हातातला गडवा तसाच राहिला. जन्मात खोटं न बोललेल्या माणसाने पहिलं खोटं बोलायला घेतलं तेही एवढं मोठं. स्वतःची सगळी कमाई त्याने पडवीतल्या फरशीवर ओतून टाकली, कोणी माझ्याकडे बोट दाखवू नये म्हणून. मला त्याचा इतका राग आला की गडवा डोक्यात घालावासा वाटला. आणि इतकी माया आली की मला चुलीपाशी खाली बसावं लागलं. दोन्ही खरं.

लोक गेल्यावर मी तोंड उघडलं, तर त्याने आधीच माझा हात धरला. "तुले रेणूची आन आहे. हे कोनाले सांगशीन नोको."

पोरीची आन घातल्यावर आई काय करणार. मी गप्प बसले. लसीचं मात्र मी सोडलं नाही, रेणूला तालुक्याला नेऊन टोचून आणली. कशाची टोचली ते घरात कोणी विचारलं नाही.

मग शेक सुरू झाला. नागपूरला दवाखान्याच्या मागे धर्मशाळा होती, तिथे राहायचो. चेहऱ्यावर जाळीचा मुखवटा बसवून त्याला टेबलाला जखडायचे, की मान हलू नये. पहिल्या दिवशी तो घाबरला, नंतर म्हणाला, धान कापायपेक्षा सोपं आहे, पडून तं राहाचं आहे. तिसऱ्या आठवड्यापासून मात्र घसा सोलवटला. तोंड कोरडं, चव गेलेली, भाकर बंद, भात बंद. मी पेज करून गाळून द्यायचे आणि तो डोळे मिटून एकेक घोट उतरवायचा. मानेची कातडी काळी पडली, आवाज बसला. पण मानेवरची गाठ विरघळत चालली होती. बोटाने चाचपून तो स्वतःच मला दाखवायचा. डॉक्टरीणबाई म्हणाली, बघा, मी सांगितलं होतं.

दिवाळीला मशीन दोन दिवस बंद होतं म्हणून आम्ही घरी आलो. तिथेच माशी शिंकली.

आम्ही नागपूरला असताना गावात त्या खोट्याने काय काय केलं होतं, ते आम्हाला कुठे माहीत. भाऊबीजेच्या दिवशी संध्याकाळी बिसराम गळ्याला पंचा गुंडाळून पाय मोकळे करायला चौकात गेला. उदारामच्या ठेल्यावर माणसं होती आणि त्यांच्यात हिमांशू उभा होता, हातात पन्नी. सोडलेला खर्रा त्याने पुन्हा धरला होता. बिसरामने सवयीने काय करावं ते केलं. पुढे गेला, हात पसरला.

हिमांशूने त्या हाताकडे पाहिलं आणि पन्नी अगदी अलगद तळहातावर ठेवली. "घ्या भाऊ," म्हणाला, "तुमालेच लागत असंन."

ठेला हसला. एकजण म्हणाला, आमाले चुलीत टाकतो म्हणून नेत होता, अना खात होता होय बे. दुसरा म्हणाला, फुकटचा खर्रा, कशाला सोडंल. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार.

बिसराम ती पन्नी तशीच तळहातावर घेऊन घरी आला. चुलीत टाकली नाही. खिडकीच्या कट्ट्यावर ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून झोपला. काय झालं ते मला रेणूने सांगितलं, ती मैत्रिणीकडून येत होती, तिने पाहिलं होतं.

दुसऱ्या दिवशी नागपूरची बस होती. मी पिशवी भरली. तो उठला नाही. त्याच्या पुढच्या दिवशीही नाही. पेजेची वाटी तोंडाशी नेली की हाताने दूर सारायचा. मी रागावले, विनवण्या केल्या, थोरल्या भावाला बोलावून आणलं. भिंतीकडे बघत तो त्या फाटक्या आवाजात एवढंच म्हणाला, "कायले जाऊ? जगून कोनाले तोंड दाखवू?"

त्यात आमच्या गावची मंडई आली. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. दुकानं लागतात, पाळणे येतात, दंडारीच्या नाचाचे ढोल वाजतात, आणि घरोघरी पाहुणे. मुलींच्या सोयरिकी मंडईतच जमतात. भावाचं घर आमच्या घराला लागूनच आहे, त्याच्याकडे बिर्सीपासूनचे पाहुणे आले होते. सुशिलाबाई वडे तळत होती आणि तळता तळता पाहुण्या बायांना सांगत होती, की करावं तसं भरावं, वरून साधू अन् आतून भोंदू. माझ्या ऐकण्यात येईल एवढ्या आवाजात.

तेवढ्यात डॉक्टरीण रुचीचा फोन आला. तिने आधी विचारलं की तब्येत बिघडली का. मी म्हटलं नाही, रुसली आहे. तिला वाटलं मी थट्टा करते. मग ती कडक झाली. सांगितलं की शेक मध्ये तुटला तर उरलेला रोग जोर धरतो आणि मग दुसऱ्यांदा तो तसा हाती लागत नाही. एवढी विरघळलेली गाठ वाया घालवू नका, उद्याच्या उद्या आणा.

फोन ठेवला तर समोर रेणू उभी. सगळं ऐकलं होतं तिने. खरं तर तिला आधीच कळलं होतं. लस टोचून घेताना तिथल्या नर्सला तिनेच विचारलं होतं, ही कशाची, आणि विज्ञानाची पोरगी, दोन अधिक दोन तिने घरी येऊन केले. आणि मला महिनाभर कळू दिलं नाही. आईबापासारखीच निघाली, पोटात ठेवणारी.

ती म्हणाली, "माई, बाबूनं तुले माही आन घातली न?"

मी मान हलवली.

"मंग माही आहे तं मीच सोडवली. जाय. बोलून ये."

मी खिडकीच्या कट्ट्यावरची पन्नी उचलली. डोक्यावर पदर घेतला, का घेतला माहीत नाही, सवय. आणि चौकात गेले.

बायका उदारामच्या ठेल्यावर थांबत नाहीत. समोरून जातानाही रस्त्याच्या पलीकडून जातात. आणि त्या दिवशी मंडईची गर्दी, परगावचे सोयरे, नवी धोतरं, नव्या पँट. मी सरळ फळीपाशी गेले आणि पन्नी उदारामपुढे ठेवली. 

"उदाराम, बिसरामनं तुह्या ठेल्यावरून कधी खर्रा नेला काय? इकत?"

मी नवऱ्याचं नाव घेतलं तिथेच निम्मे लोक गप्प झाले. उदारामचा घोटणारा हात थांबला. तसा तो सरळ माणूस आहे. म्हणाला, "नाई वहिनी. कधीच नाई."

"दुसऱ्या कोन्या ठेल्यावरून नेताना कोनी पाह्यला?"

मग मागून एक म्हातारा म्हणाला की त्यानं स्वतःच कबूल केलं, आम्ही काय करू.

"खोटं बोलला तो," मी म्हटलं. "माह्यासाठी खोटं बोलला."

आणि मग मी सांगितलं. आज आठवलं तरी अंगावर काटा येतो, पण लाजेने नाही. मी सांगितलं की हा कॅन्सर खर्ऱ्याचा नाही, विषाणूचा आहे. नवराबायकोच्या संबंधातून येतो. वीस-पंचवीस वर्षं अंगात गप्प बसतो आणि मग निघतो. मुलींसाठी त्याची लस आहे, रेणूला मी ती टोचून आणली. माझा पहिला नवरा ट्रकवर होता हे सगळ्या गावाला माहीत आहे, तेव्हा त्याच्याकडून माझ्यात आणि माझ्यातून बिसराममध्ये आला असेल. किंवा दुसरीकडून कुठून आला असेल. डॉक्टरीण म्हणते ते कोणालाच सांगता येत नाही, आणि इथे उभे असलेल्यांपैकीही निम्म्यांच्या अंगात येऊन गेला असेल, त्यांनाही ते माहीत नसेल. हे ऐकून दोघा-तिघांनी खाली बघितलं. चोराच्या मनात चांदणं.

एक सोयरा, परगावचा, चांगला पांढऱ्या मिशांचा, मला समजावू लागला की बाई, हे चार लोकांत बोलायचं असतं का.

मी म्हटलं, "खर्ऱ्याचा कॅन्सर चार लोकांत चालते, अना ह्याची लाज? तो खोटं बोलला तवा तुमी हासले. आता मी खरं बोलून राहिली तं तुमाले लाज येऊन राहिली. ठेवा तुमची लाज तुमच्यापाशी. माहा मानूस मरून राहिला."

हिमांशू तिथेच होता. त्याच्याकडे वळून मी एवढंच म्हटलं, की तुझ्या बायकोने त्याला ओवाळलं होतं. पन्नी खिशात ठेवावी की फेकावी हे त्याला समजत नव्हतं, हातातच घेऊन उभा होता. मी कोणाच्या सुधारण्याची वाट बघत थांबले नाही. मागे कोणीतरी शिट्टी मारली, कोणीतरी थुंकला. घरी येईपर्यंत बातमी माझ्याआधी पोहोचली होती.

सुशिलाबाईने पाहुण्यांसमोर आमच्या बाजूचं दार लावून घेतलं. ते अजून लागलेलंच आहे. आनंद आहे.

बिसराम खाटेवर उठून बसला होता. कित्येक दिवसांनी त्याने भिंतीकडून तोंड फिरवलं होतं आणि ते रागाने लाल झालं होतं. आवाज निघत नव्हता तरी ओरडत होता.

"तुले आन होती. काऊन बोललीस तू?"

मी म्हटलं, आन रेणूने सोडवली, तिला विचारा. त्याने रेणूकडे पाहिलं, ती दारात उभी राहून निमूटपणे बापाकडे बघत होती. मग तो जरा खचला. म्हणाला, आता लोक तुला काय म्हणतील. मी म्हटलं, पाट लागला तेव्हा म्हणत होते तेच म्हणतील, नवीन काय सुचणार आहे त्यांना. तो म्हणाला, तेच तर. तेच पुन्हा ऐकू नये तुला, म्हणून मी...

पुढे त्याला बोलवेना. घशानेही आणि एरवीही.

मी त्याच्या खाटेपाशी खाली बसले. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण असं काही मी त्याला कधी म्हटलं नव्हतं. आमच्याकडे म्हणत नाहीत. "आयका," मी म्हटलं, "मागच्या दारानं आनलं तुमी मले, अंधारात. म्या कधी तक्रार नाई केली. पन तुमाले मी मागच्या दारानं जाऊ देनार नाई. माहं नाव मले जड नाई. तुमचं मरन जड आहे."

बाहेर दंडारीचे ढोल जोरात सुरू झाले होते. त्याने खाटेवरून पाय खाली सोडले. मग म्हणाला, पेज आहे का. मी उठले. पेज गाळून आणेपर्यंत त्याने पिशवीत स्वतःचा पंचा घातला होता.

संध्याकाळी मागच्या अंगणातून दोन बाया आल्या, एकीला दोन मुली, एकीला एक. हळूच विचारलं, रेणूला ती लस कुठे दिली म्हणे. मी म्हटलं, मोठ्याने विचारा, मग सांगते. त्यांनी मोठ्याने विचारलं. मी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोहमाऱ्याच्या फाट्यावर आम्ही नागपूरची बस पकडली. उपचार पुरा व्हायचा होता आणि मध्ये जे दिवस गेले त्याचं डॉक्टरीण काय म्हणेल, कोण जाणे, पण आम्ही बसमध्ये होतो. बिसराम खिडकीशी नको म्हणाला, वारा लागतो घशाला, म्हणून मी खिडकीशी. त्याच्या पलीकडे, मधल्या वाटेच्या त्या बाजूच्या सीटवर एक धिप्पाड माणूस बसला होता, गळ्यात जाड साखळी, मोबाईलवर मोठ्याने कोणाला तरी हिंदीत झापत होता. साकोली यायच्या आधी त्याने फोन ठेवला, खिशातून पन्नी काढली आणि मांडीवर घेऊन घोटायला लागला.

माझ्या शेजारी हालचाल झाली. बिसरामने पंचा नीट केला, वळला, आणि उजवा हात पसरला.

त्या माणसाने हाताकडे पाहिलं, मग बिसरामकडे. "काय पायजे काका?"

बिसरामच्या घशातून आवाज निघण्यासारखा नव्हता. निघाला असता तरी तो बोलला नसता, त्याची ती रीतच नाही. माणसाने चिमूटभर खर्रा त्याच्यापुढे केला. बिसरामने मान हलवली. हात तसाच. माणूस चिडला, "अरे क्या चाहिए बोलो ना," म्हणाला, आणि मग त्याचं लक्ष पंच्याच्या वर उघड्या पडलेल्या मानेकडे गेलं, काळ्या करपलेल्या कातडीकडे. त्याने माझ्याकडे पाहिलं, मी काही सांगेन म्हणून.

मी खिडकीबाहेर बघत बसले. सांगायचं होतं ते मी गावात सांगून आले होते. हे काम बिसरामचं होतं. कंडक्टर आला, मी दोन नागपूर मागितले. साकोली आली, माणसं चढली, उतरली. हात खाली आला नव्हता.